पेठेकाका आणि दुसऱ्यांचे खोकले

कोणी खोकलं की पेठेकाका आधी विचारायचे, "किती आठवडे झाले?" आणि लगेच, "राहता कुठे?" दिल्लीत, आमच्या द्वारकेतल्या सोसायटीच्या गणपतीत भर आरतीत एका पाहुण्यांना ठसका लागला, तर काकांनी टाळ थांबवून चौकशी सुरू केली. कापराचा धूर नाकात गेलाय, एवढं सांगायलाही त्या गृहस्थांना उसंत मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी काका त्यांना एक्सरेला घेऊन गेले.

काका केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या कचेरीत होते. फुप्फुसाच्या कॅन्सरचा रोगी कुठल्या वस्तीतला, किती उशिरा आला, किती जगला, याचे तक्ते करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. "आजार कुणालाही गाठतो, यार," ते म्हणायचे, "डॉक्टर मात्र पत्ता बघून भेटतो." हे ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड सिगरेट ओढत सांगायचे. मी टोकलं की म्हणायचे, "तक्ता लोकांचा असतो. मी बिल्कुल ठणठणीत आहे."

जिन्याखाली शकुंतला कोळशाच्या इस्त्रीने लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. ती कित्येक महिने खोकत होती आणि गल्लीतला डॉक्टर तिला टीबीच्या गोळ्या देत होता. हे कळताच काकांनी तिला गाडीत घातलं. मोठ्या हॉस्पिटलात "कौन हैं आपकी?" विचारल्यावर म्हणाले, "बहन है." ती त्यांच्या मुलीच्या वयाची. पण तिने पदर सावरला आणि गंभीरपणे म्हणाली, "छोटे हैं हमसे. सुनते नहीं किसी की."

फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं आणि ती बरी होऊन परत आली. काकांनी घेऊन दिलेली विजेची इस्त्री ती कुरकुरत वापरू लागली आणि दर वर्षी त्यांना राखी बांधू लागली. "भैया, कमीज़ से बीड़ी की बास आती है," ती म्हणायची. "दफ्तरवालों का धुआँ है," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

मग काका स्वतः खोकू लागले. "दिल्लीची हवा, दुसरं काय," म्हणून त्यांनी अख्खा हिवाळा काढला. शेवटी शकुंतलेनेच त्यांना रिक्षात कोंबलं. तोवर फार उशीर झाला होता. काका हसले. मला म्हणाले, "अच्छा झालं. तक्त्याप्रमाणे हिने उशिरा यायचं होतं आणि मी लवकर. दोघांनी मिळून माझा तक्ता बिघडवला."

मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता. आजही येतो.

त्या वर्षीच्या गणपतीत काका नव्हते. आरतीत कापराचा धूर झाला आणि कोणीतरी खोकलं. टाळ आपोआप थांबले. मग दारापाशी हात जोडून उभ्या असलेल्या शकुंतलेने विचारलं, "कितने हफ्ते हुए? और रहते कहाँ हो?"