पट्ट्याचं दुसरं टोक

ठकूबाईला या कामातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं की मी अजूनही त्याच्याशी भांडतो. मी खोडदच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, तिचा शेजारी. ती बासष्ट वर्षांची, शाळेची पायरी न चढलेली. वस्तऱ्याचे जुने चामडी पट्टे दुरुस्त करणारं दुसरं माणूस आमच्या जुन्नर-आंबेगावात मला तरी माहीत नाही.

पट्टा म्हणजे काय, हेही आता सांगावं लागतं. दगडावर लावलेली धार खरबरीत असते. वस्तरा चामड्यावर उलटसुलट फिरवला, की मग तो गालाला न चावता चालतो. पुढं बदलायची ब्लेडं आली आणि पट्टे खुंटीवर वाळत पडले.

तिचे मालक भिमाजी वाड्यावस्त्यांवर फिरून दाढ्या करायचे. घराची भिंत मातीची. पट्टा अडकवायला खिळा ठोकला की आठ दिवसांत ढेकळासकट बाहेर. म्हणून रोज सकाळी पट्ट्याचं एक टोक भिमाजींच्या मुठीत आणि दुसरं ठकूबाईच्या. तीस वर्षं हेच चाललं. पट्टा सैल पडला की धार मुडपते, म्हणून भिमाजी खेकसायचे, "ताणून धर!" आणि ती ताणून धरायची. चामडं कुठं पातळ झालंय, कुठं कोरडं पडलंय, हे अशानं तिच्या बोटांना कळायला लागलं. भिमाजींना याचा पत्ता नव्हता, आणि तिलाही नसावा.

सहा वर्षांमागं भिमाजी गेले. वर्षश्राद्धानंतर तिनं त्यांचा तडकलेला पट्टा बाहेर काढला. रिठ्याच्या फेसानं पुसला, सावलीत वाळवला, काचेच्या बाटलीनं घोटला आणि मग नुसत्या तळहातानं चोळत बसली. पंधरा दिवसांत पट्टा पुन्हा वापरात यायच्या लायकीचा झाला. निमगाव सावाच्या, पारगावच्या म्हाताऱ्या कारागिरांनी ते पाहिलं आणि आपापल्या वडलांचे पट्टे आणून तिच्या ओट्यावर ठेवले. नात श्रेयानं मोबाइलवर फोटो टाकले, तर पुण्यातल्या हौशी मंडळींची पार्सलं यायला लागली.

हे खुपलं तिच्या दिराला, रामनाथला. त्याचं नारायणगावात सलून आहे, फिरत्या खुर्च्यांचं. माणूस वाईट नाही, पण भाऊबंदांत कुणी हसलं की त्याला अन्न गोड लागत नाही. त्यांच्यात खंडेनवमीला धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, पुरुषाच्याच हातून पुजायची रीत. भिमाजींची धोकटी पूजेपुरती रामनाथकडं जायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. गेल्या खंडेनवमीनंतर धोकटी आली, पण आत पट्टा नव्हता.

"पट्टा घराण्याचा हाय, वहिनी," त्यानं फोनवर सांगितलं. "बाईमाणूस त्येच्यावर धंदा मांडतंय, लोकं तोंडावर हसत्यात."

तिनं फोन ठेवून दिला. मला तिचाच राग आला.

"गप का बसलीस?"

"येतोय परत, गुरुजी. भावजींना नीट ठिवता यायचा न्हाई."

आणि तसंच झालं. रामनाथनं पट्टा सलूनच्या भिंतीवर शोभेला टांगला आणि चकाकी यावी म्हणून त्याला एरंडेल पाजलं. भल्याभल्या कारागिरांची ही चूक होते. चामडं म्हटलं की त्यांना वहाण आठवते. पण पट्टा तेलानं गच्च झाला की वस्तरा नुसता घसरतो, चामडं त्याला धरत नाही. शिमग्याच्या सुमारास एका गिऱ्हाइकानं जुन्या पद्धतीची दाढी मागितली. रामनाथनं ऐटीत वस्तरा त्या पट्ट्यावर फिरवला आणि भर सलूनमध्ये गिऱ्हाइकाचा गाल कापला.

दुसऱ्या दिवशी तो खोडदला आला आणि पट्टा ओट्यावर टाकला.

"घ्या! बाईचा हात लागला आन् पट्टा मेला. ह्ये समदं बंद करा, न्हाईतर भाऊबंद बसवून बंद करीन."

ठकूबाईनं पट्टा नाकाशी नेला.

"एरंडेल. किती पाजलंत, भावजी?"

रामनाथ लांब शिवारात दिसणाऱ्या, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांकडं बघत राहिला.

"म्हैनाभर थांबा," ती म्हणाली. "पट्टा सुधारला न्हाई, तर मी पुन्यांदा कुठल्याच पट्ट्याला हात लावणार न्हाई. सुधारला, तर धोकटी हितनं हालायची न्हाई. पूजाबी हितंच."

शाळेतून खडूचे दोन डबे मीच आणून दिले. खडूची पूड पट्ट्यावर पसरायची, तो उन्हात कोमट होऊ द्यायचा आणि पूड तेल पिऊन पिवळी पडली की झटकायची. असं तिनं किती वेळा केलं, त्याला गणती नाही. मग रिठा, मग बाटली, मग तळहात. महिना सरला तेव्हा तिच्या तळहाताची सालं निघाली होती.

बाजारच्या दिवशी आम्ही नारायणगावला गेलो. सलून भरलेलं होतं. रामनाथनं भिंतीवरच्या हुकाकडं बोट केलं.

"अडकवा तितं."

"हुक नगं. तुमी धरा."

"मी? दुसरं टोक?"

"मी तीस वर्सं धरलं. तुमाला घडीभर जड व्हतंय?"

दाढीला बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. रामनाथनं टोक धरलं, पण दोन बोटांत, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"ताणून धरा, भावजी. धार मुडपंल."

त्यानं मूठ आवळली. उकळत्या पाण्यातून काढून पुसलेला वस्तरा तिच्या हातात होता. आजवर तिनं दुसऱ्याच टोकाला उभं राहून पाहिलेलं काम ती पहिल्यांदा चारचौघांत करत होती. वस्तरा गेला, उलटला, आला. चामडं त्याला धरत होतं, ते माझ्यासारख्या अडाण्यालाही आवाजावरून कळलं.

खुर्चीत मी बसलो. भीती वाटली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. दाढी रामनाथनं केली आणि शेवटी सवयीनं तुरटी फिरवली. कुठंच झोंबली नाही. त्यानं पुन्हा फिरवून पाहिली. मग पट्टा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी वहिनीपुढं धरला.

"पर खंडेनवमीला..." तो पुटपुटला.

"मीच पुजणार," ठकूबाई म्हणाली. "तुमी जेवाया या, भावजी. फकस्त एरंडेल घिऊन येऊ नका."