देवसिंगच्या सहा फ्लॉप्या

पुसदच्या बस स्टँडमागे भगवानरावांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथे कापूस खरेदीच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर तयार होई, आणि ते कसं वापरायचं हे सांगणारी पुस्तिका देवसिंग आडे लिहीत असे. जवळच्या बंजारा तांड्यावरचा हा माणूस, चाळिशीला टेकलेला, तांड्यात कॉम्प्युटरला हात लावणारा पहिला. दोनशे चौदा पानांची पुस्तिका त्याने सहा वर्षं खपून उभी केली होती. काट्यावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एखादी चूक आली की तिचं चित्र टिपून ठेवायचं आणि खाली उपाय लिहायचा, ही त्याची जन्मखोड. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं, 'लेखन : देवसिंग मेरसिंग आडे'. सातबाऱ्यावर त्याचं नाव भावांच्या रांगेत चौथं होतं. एकट्याचं असं फक्त इथेच.

काट्यांवर इंटरनेट नव्हतं. पुस्तिका फ्लॉपीवर भरून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायची. फ्लॉपीत मावतं ते किती! म्हणून फाईल आधी लहान करून बांधावी लागे. ऑफिसात त्याला 'दाबणं' म्हणत, जिनिंगमध्ये कापसाची गाठ दाबतात तसं. देवसिंग बारा प्रकरणं वेगवेगळी दाबून एकेका फ्लॉपीवर दोन-दोन ठेवी. सहा फ्लॉप्या. एखादी उन्हाधुळीने खराब झाली तर दोन प्रकरणं जात, दहा शाबूत राहत. हे त्याला कुठल्या क्लासने शिकवलं नव्हतं. त्याचे पूर्वज बैलांवर मीठ लादून मुलूख फिरले होते. प्रत्येक बैलाच्या पाठीवरची गोणी आपापली पुरती भरलेली असे, म्हणजे घाटात एक बैल बसला तरी बाकीचं मीठ बाजाराला पोचे. आजाने सांगितलेली ही गोष्ट देवसिंगच्या डोक्यात पक्की बसली होती.

२००५च्या दसऱ्याला मैत्रेयी ऑफिसात कामाला आली. राळेगावकडची, बौद्ध घरातली, तेवीस वर्षांची, अमरावतीहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. की-बोर्डकडे न बघता टाइप करायची. देवसिंगला पहिला राग आला तो याचाच. दुसरा राग आला तो तिच्या 'दादा' म्हणण्याचा, कारण ती ते मनापासून म्हणायची आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

पंधरा दिवसांत तिने पुस्तिकेत हात घातला. प्रत्येक प्रकरणात त्याच त्या पडद्यांची चित्रं पुन्हा पुन्हा येतात, हे तिच्या ध्यानात आलं. सगळी प्रकरणं मिळून एकच गाठ दाबली तर सारखं सारखं आलेलं एकदाच साठवलं जातं. तिने एक गाठ केली आणि तिचे तुकडे फ्लॉप्यांवर टाकले. सहाच्या तीन झाल्या.

भगवानराव खुर्चीतून उठलेच. "अर्ध्यावर आनलं ना पोरीनं! देवसिंग, सहा वर्षं तू काय करून राह्यला होता बे?"

देवसिंग हसला. हसताना त्याचे कान तापले होते.

"पहिले उमरखेडच्या काट्यावर पाठवू," भगवानराव म्हणाले. "तिथं जमलं, का पुढच्या हंगामापासून पुस्तिका मैत्रेयीकडं. पहिल्या पानावर नावबी तिचंच टाकू."

त्या दिवसापासून देवसिंगच्या पोटात दुखू लागलं. याला दुसरं सभ्य नाव शोधण्यात अर्थ नाही, तो शुद्ध मत्सर होता. तिचा डबा चांगला दिसला तरी त्याला घास गोड लागेना. तिचं अक्षर, तिची पाण्याची बाटली, तिची वेळेवर येणारी बस, सगळं त्याच्या डोळ्यांत सलू लागलं. घरी जाऊन त्याने बायकोपुढे, जमनीपुढे, गोरबोलीत तासभर पोरीचे दोष सांगितले. जमनी भाकरी थापता थापता ऐकत होती. शेवटी तिने विचारलं की पोरगी हुशार आहे एवढं म्हणायला एवढा वेळ कशाला घेतलात. देवसिंग न जेवता उठला.

सोमवारी दुपारी ऑफिस जेवायला गेलं तेव्हा तो एकटा मागे राहिला. मैत्रेयीच्या तिन्ही तुकड्यांची नक्कल त्याने आपल्या कॉम्प्युटरवर घेतली, मुद्दाम पहिला तुकडा बिघडवला आणि गाठ उघडायला गेला. उघडेना. दुसरा, तिसरा तुकडा धडधाकट, पण एकही पान हाती लागेना. पहिला बैल बसला आणि अख्खा तांडा घाटात अडकला. देवसिंगला इतका आनंद झाला की सवयीने त्याने पडद्यावरच्या चुकीचं चित्र टिपलं आणि 'फुटकी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून दिलं. हट्टाने आपल्या पद्धतीच्या बारा गाठीही दाबून शेजारी ठेवल्या.

संध्याकाळी मैत्रेयीच त्याच्या टेबलाशी आली. "दादा, उद्या फ्लॉप्या जाऊन राह्यल्या. एकडाव पाहून द्या ना. फ्लॉप्याचं तुमाले जेवढं समजते तेवढं मले नाही समजत. काही खोट असन तर सांगा."

देवसिंगने तिन्ही फ्लॉप्या हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या.

"झकास हाय," तो म्हणाला. "पाठव."

गुरुवारी सकाळी उमरखेडहून फोन आला. कापसाचे ते वाईट दिवस होते. अळीने निम्मं पीक खाल्लेलं आणि उरलेलं घेऊन गाड्या दोन-दोन दिवस काट्यावर ताटकळत. नेमका हंगामाच्या तोंडी काटा अडला होता. कॉम्प्युटर वजन घेईना, आणि उपाय होता पुस्तिकेच्या सातव्या प्रकरणात. काट्यावरच्या विमलताई फाटकाबाहेरच्या पीसीओवरून ओरडत होत्या, "पहिलीच फ्लॉपी वाचत नाही जी! बाकीच्या दोन कायले पाठवल्या मंग? गाड्या रोडपर्यंत लागल्या, लोक मले खाऊन राह्यले!" आत कॉम्प्युटर आणि बाहेर फोन, त्यामुळे तोंडी सांगूनही जमेना.

भगवानराव मैत्रेयीवर तुटून पडले. हुशारी, डिप्लोमा, राळेगाव, सगळं निघालं. पोरीच्या ओठांना कंप सुटला होता.

"चूक माही हाय, सर," ती म्हणाली. "एक फ्लॉपी गेली तर काय, हे मी पाहाले पाहिजे होतं."

देवसिंग वाट बघत होता की आता ती म्हणेल, दादांना दाखवलं होतं. तिने त्याचं नावच काढलं नाही. याचाही त्याला राग आला.

"देवसिंग, स्टँडवर जाय, उमरखेडची गाडी कधी हाय पाह्य," भगवानरावांनी हुकूम सोडला. "मैत्रेयी, याच्या कॉम्प्युटरवरून जुन्या पद्धतीच्या सहा भर."

तो परत आला तोवर सहाही फ्लॉप्या भरून, नंबर घालून पुडक्यात बांधलेल्या होत्या. पुडकं घेऊन तो स्वतःच गाडीत बसला आणि दुपारी एकच्या सुमाराला त्याने फ्लॉप्या विमलताईंच्या हाती दिल्या. पुसदहून निघालेल्या सहापैकी तिसरी तिथे वाचली गेली नाही, पण सातवं प्रकरण होतं चौथीत. अर्ध्या तासात काटा सुरू झाला. गाडीवाल्यांनी त्याला जबरदस्तीने चहा पाजला, एका म्हाताऱ्याने पाठीवर थाप मारली. जे ऐकायला देवसिंग महिनाभर तळमळत होता ते सगळं त्याने ऐकलं. परतीच्या बसमध्ये मात्र त्याला मैत्रेयीचे ओठच आठवत राहिले, आणि गाडीवाल्यांना तिने दिलेले खोळंब्याचे पाच तास.

तिने कसले दिले? त्यानेच दिलेले.

शुक्रवारी भगवानरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुस्तिका देवसिंगचीच आणि पद्धतही त्याचीच. तो कसाबसा हो म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत तो मैत्रेयीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "ते उघडनार नाही म्हून."

"हाव." तिने मान वर केली नाही. "काल फ्लॉप्या भरताना 'फुटकी' पाह्यली मी. सोमवारची तारीख हाय."

"मंग सायबाले सांगितलं काहून नाही?"

"सांगून काटा सुरू झाला असता काय, दादा? मले सहा फ्लॉप्या भरायच्या होत्या." मग ती म्हणाली, "पन मी तुमाले विचारलं होतं."

तो जागेवर येऊन बसला. 'फुटकी' उघडली. ती पुसून टाकायला त्याला एक क्षण पुरला असता. त्याऐवजी त्याने पुस्तिकेत तेरावं प्रकरण सुरू केलं, 'फ्लॉपी न वाचल्यास'. सोमवारचं चित्र वर लावलं. खाली लिहिलं की प्रकरणं वेगवेगळी का दाबावीत, आणि सारखी चित्रं वेगळ्या गाठीत एकदाच ठेवली तर जागा किती वाचते. हे दुसरं त्याने तिच्याकडूनच उचललं होतं. असं करून पाहिलं तर सगळं चार फ्लॉप्यांत बसतही होतं.

मग तो पहिल्या पानावर आला. आपल्या नावाखाली त्याने 'मैत्रेयी' टाइप केलं. त्याचं नाव चौदाच्या टायपात होतं. तिचं त्याने बारात ठेवलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसला. मग तेरा केलं.

चौदा काही त्याच्या हातून झालं नाही.