पंख्याखाली वाळलेल्या एकोणीस काचा

थायलंडच्या ताक प्रांतातल्या इस्पितळात साइपिन बावीस वर्षं गर्भाशयमुखाच्या पेशी तपासत होती. तिने 'कर्करोगाची शंका नाही' म्हटलं की डॉक्टर निर्धास्त सही करत. पण डोंगरातल्या गावातून आलेल्या नमुन्यांच्या त्या एकोणीस काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती चक्रावली. एकूण एक पेशी फुगलेली, केंद्रक धुरकट.

तिने गावच्या आरोग्यसेविकेला फोन लावला. "बुआफन, काचा कशा केल्यास गं?"

"पंख्याखाली खडखडीत वाळवल्या, ताई. मग अल्कोहोलात. वीस वर्षं मलेरियाच्या काचा करतेय मी!"

"अगं बाई, ते रक्त! ह्या ओल्या असतानाच बुडवायच्या. वाळल्या की आजार असला तरी ओळखू येत नाही."

बुआफन कळवळली, "पुन्हा नाही यायच्या हो बायका. एकदा आणताना नाकी नऊ आले."

इस्पितळातले नवे डॉक्टर थनित म्हणाले, "'दोष आढळला नाही' लिहा ना. खोटं थोडंच आहे?"

"एकीला जरी आजार असला, सर, तर ती आपल्या कागदावर विसंबून घरी बसेल."

तिने एकोणीस वेळा 'नमुना पुन्हा घ्या' लिहिलं आणि शनिवारी अल्कोहोलच्या बरण्या घेऊन स्वतःच गाव गाठलं.

"एकदा बघून मन नाही भरलं का गं तुमचं?" मक्याच्या शेतातून आलेल्या कामलाई मावशी कडाडल्या.

"फोटो हलला, मावशी. चूक आमची."

बायका खिदळल्या. बुआफन मात्र पुढे झाली. "चूक माझी. म्हणून आधी माझा नमुना घ्या." ती स्वतः तपासणीच्या टेबलावर चढली, तेव्हा मावशींनाही मागे राहवेना. मग बुआफन प्रत्येक काच करी, साइपिन "एक, दोन" मोजी आणि तीनच्या आत काच बरणीत जाई.

बुधवारी रंग चढवलेल्या काचांत केंद्रकं लख्ख निळी उठली. सोळा क्रमांकाच्या काचेवरच्या एका पुंजक्यात ती मोठी, काळपट, वेडीवाकडी होती. साइपिनने गावात फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

त्यांनी काच सरकवून पुंजका नीट पाहिला. "पुढची तपासणी लगेच करायला हवी. इतक्या लवकर सापडला तर आजार बरा होतो. कोण आहेत ह्या? कधी येऊ शकतील?"

"कामलाई मावशी. बाहेर बाकावर बसल्यात. बुआफनने मोटारसायकलवरून आणलंय," साइपिन म्हणाली. "चला सर, चिडल्यात त्या."