पायपेटी पुढे घ्या

सकाळी साडेनऊला मडगावहून नेल्सनचा फोन आला. "मॅडम, मी येत नाही. स्कूटरवरून पडलो. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे."

नेल्सन म्हणजे माझा पियानोवाला. संध्याकाळी साडेसहाला रत्नागिरीत माझा कार्यक्रम होता आणि पियानोही त्याच्याच गाडीतून येणार होता. खरं तर मी आधी हाताची चौकशी करायला हवी होती. मी विचारलं, "डाव्या हाताने काही जमेल का?" तो बिचारा हसला. फोन ठेवल्यावर मी आधी त्याच्यावर चिडले, मग स्कूटरवर, आणि शेवटी स्वतःवर.

मी सोप्रानो आहे. ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक, आणि त्यात बायकांचा सगळ्यात उंच आवाज म्हणजे सोप्रानो. जर्मनीतल्या एका मध्यम गावच्या नाट्यगृहात मी एकोणीस वर्षं नोकरी केली. नोकरीच म्हणते मी. दहाला तालीम, दुपारी सुट्टी, संध्याकाळी प्रयोग, महिन्याला पगार. पहिली आठ वर्षं कोरसमध्ये, म्हणजे गावकरी, नन, चेटकिणी जे पडेल ते. मग नायिकेची मोलकरीण, नायिकेची मैत्रीण. नायिका फक्त दोनदा. स्टार वगैरे मी कधी नव्हते. पण तिथवर कुणी बोट धरून नेलं नव्हतं. भाषेपासून करारापर्यंत सगळं भांडून मिळवलं.

ऑपेरात माईक नसतो. समोर साठ वादक वाजवत असतात आणि त्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचा असतो. लोकांना वाटतं, आम्ही ओरडतो. माझे वडील पोफळीच्या पॉवरहाउसमध्ये फिटर होते. ते सांगायचे, "मशीनजवळ मोठ्याने बोलून फायदा नाही. जाड आवाज मशीन गिळतं. टोकदार बोलायचं, मग पलीकडच्याला ऐकू जातं." ऑपेराचं अर्धं शास्त्र यात आलं. उरलेलं अर्धं म्हणजे श्वास.

नोकरी संपवून मी रत्नागिरीत परत आले ती आवाजाचा क्लास काढायला. त्यासाठी मला हवा होता तो इथल्या नाट्यमंडळाचा हॉल. जुना, लाकडी स्टेजचा, उंच छताचा. आवाज तिथे न मागता वाढतो. शहरात तसा दुसरा नाही. हॉलचा कारभार मंडळाच्या सेक्रेटरींकडे. त्यांना सगळे आबा म्हणतात.

आबांचं आणि माझं जुनं आहे. मी इथे कॉलेजला होते तेव्हा मंडळाने स्पर्धेसाठी संगीत नाटक बसवलं होतं. नायिका आबांची पुतणी. दिसायला छान, पण वरचा सूर लागेना. मग आबांनी मला विंगेत उभं केलं. ती स्टेजवर ओठ हलवायची, मी आतून गायचे. पत्रिकेत माझं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "तू स्टेजवर आलीसच कुठे?" हे मी विसरलेली नाही. विसरणारही नाही.

तर हॉल मागायला गेले तेव्हा आबा म्हणाले, "तुझं ते किंचाळणं रत्नागिरीत कोण ऐकणार गो? मुली शिकायला येतील कशाला?"

"कार्यक्रम करून दाखवते. माईक न लावता."

"आणि मध्यंतरानंतर हॉल रिकामा झाला तर?"

"तर क्लासचं नाव काढणार नाही. भरलेला राहिला तर आठवड्यातून तीन सकाळी हॉल माझा."

"भरलेला म्हणजे किती?" आबा आंब्याचे व्यापारी. मोघम काही चालत नाही. ते दोनशेवर अडले, मी दीडशेवर. एकशे सत्तरवर जमलं. मध्यंतरानंतर एकशे सत्तर खुर्च्या भरलेल्या हव्यात. मी ते कागदावर लिहून घेतलं. पोस्टरवर माझं नाव मंडळाच्या नावाएवढं मोठं, हेही लिहून घेतलं. गाणं चालू असताना पंखे बंद, हेही.

"एप्रिलात पंखे बंद? लोक तुला शिव्या घालतील."

"घालू देत. दोन गाण्यांच्या मध्ये लावा."

आणि आता पियानोच नव्हता. कार्यक्रम पुढे ढकलावा म्हटलं तर आबा म्हणाले, "तारीख चुकली की करार संपला." आवाजावरून खुशीत वाटले.

हॉलवर पोचले तेव्हा साउंडवाला सादिक खुर्चीवर बसून चहा पीत होता. माझ्या कार्यक्रमात त्याला काही कामच नव्हतं, तरी आला होता. "मॅडम, एक माईक लावतो. बंद ठेवतो. नुसता दिसायला. माईकशिवाय प्रोग्राम झाला तर लोक मला विचारतील, सादिक मेला की काय?"

त्यानेच सुचवलं. "पियानो नाही तर पायपेटी आहे ना. बाळकाकांना बोलवा."

पायपेटी म्हणजे पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन. जुन्या संगीत नाटकांची सगळी साथ त्यावरच व्हायची. बाळकाका ती साठ वर्षं वाजवत आलेत. एसटीत हेड क्लार्क होते, आता अठ्ठ्याहत्तरचे. रिक्षाने आले, धोतर सावरून पेटीसमोर बसले आणि मला म्हणाले, "बोल. तुझी पट्टी कोणती?"

आपल्याकडे गायक स्वतःच्या आवाजाला सोयीचा सूर धरतो आणि पेटीवाला त्या सुरावरून वाजवतो. ऑपेरात तसं नाही. सूर कागदावर ठरलेला असतो.

"पट्टी माझी नसते, काका. लिहिणाऱ्याची असते. हे पांढरी चारमध्ये आहे."

"गाणार कोण? तू का तो?"

"मी."

"मग त्याला काय विचारायचं?"

त्यात पेटी मूळ सुरापेक्षा पाव सुराने चढी निघाली. वरचा सूर आधीच डोंगराच्या टोकावर, त्यात आणखी चढ. मी कुरकुरले. काकांनी सगळं एक पट्टी खाली वाजवून दाखवलं. एकदाही न अडखळता. हे काम आमच्याकडचे पियानोवाले घाम पुसत करतात.

काकांना पाश्चात्य नोटेशन येत नव्हतं. मी जमिनीवर बसून प्रत्येक ओळीखाली सा रे ग म लिहून दिलं. नऊ गाण्यांपैकी पेटीवर चारच बसली. आणखी दोन मी साथीशिवाय गाणार होते. काका माझ्या चालीबरोबर चाल वाजवायचे, नाट्यसंगीतात वाजवतात तशी.

"काका, चाल मी गाते. तुम्ही फक्त खालचे सूर धरा."

"मग तू चुकलीस तर सांभाळणार कोण?"

"मी चुकत नाही."

"बरं," म्हणाले आणि तपकीर ओढली.

जेवायच्या वेळी त्यांनी एकच गोष्ट मागितली. "पेटी खाली पुढे घेऊया. स्टेजपुढच्या खड्ड्यात. मला तुझं तोंड दिसायला हवं." जुन्या नाट्यगृहांत स्टेजच्या पुढ्यात वादकांसाठी खोलगट जागा असते. आबांनी तिथे कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. मी म्हणाले, "मैफलीत पियानो गाणाऱ्याच्या मागेच असतो. जगभर." तालमीत सगळं नीट जात होतं. मी तोंडाने एक-दोन मोजत होते, त्यावर काका चालत होते. मला वाटलं, झालं काम.

साडेसहाला तीनशेच्या आसपास माणसं आली. निम्मी पंखे बंद ठेवणारी बाई बघायला आली असावीत. पहिल्या रांगेत आबा.

पहिलं गाणं सुरू झालं. आवाज छताला लागून परत आला तेव्हा मला बरं वाटलं. गाण्याच्या मधोमध एक जागा आहे. गाणारी एक लांब सूर सोडते, सगळं थांबतं आणि मग साथ पुन्हा सुरू होते. मी सूर सोडला आणि थांबले. काकाही थांबले.

एकोणीस वर्षं माझ्यासमोर कंडक्टर होता. कंडक्टर म्हणजे छडी घेऊन सगळ्यांना चालवणारा माणूस. छडी खाली आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही माझी हाडातली सवय. आणि काकांची साठ वर्षांची सवय अशी, की गाणारा हलल्याशिवाय पेटी हलवायची नाही. गाणाऱ्याच्या पुढे जाणं म्हणजे साथीतलं पाप. मी काकांची वाट बघत होते, काका माझी. माझी पाठ त्यांच्याकडे. मोठ्याने मोजणार कशी?

हॉलमध्ये शांतता. कुणीतरी खोकलं. मग लोकांना वाटलं, गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सादिकने लगेच पंखे लावले. मागच्या रांगेतून एक कुटुंब उठून बाहेर गेलं. त्यांच्यामागे आणखी चौघं. आबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मला राग आला की माझा आवाज अर्धा सूर चढतो. मी काकांकडे वळले. "काका, तुम्ही आला का नाहीत?"

"तू गेलीस कुठे?" काका शांतपणे म्हणाले. पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. लोक हसले.

त्या क्षणी दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक, दुसरं गाणं तसंच रेटायचं. दुसरी मी केली. स्टेजच्या कडेला येऊन म्हणाले, "मंडळी, चूक माझी झाली. काकांनी दुपारीच सांगितलं होतं, पेटी पुढे घे म्हणून. मी ऐकलं नाही. पाच मिनिटं द्या. सादिक, पेटी पुढे घ्या."

पायपेटी जड असते. सादिक आणि तीन प्रेक्षक लागले. कुंड्या आबांनी स्वतः उचलल्या. उचलताना पुटपुटले, "करारात हे नव्हतं." लोक सगळं मन लावून बघत होते. एकही माणूस बाहेर गेला नाही. रत्नागिरीकर गाणं अर्ध्यावर सोडेल, पण सामान हलवणं पूर्ण बघेल.

काका खड्ड्यात बसले, वर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तू कुणाची वाट बघू नकोस. श्वास घे. मी त्यावर येतो."

तेच गाणं पुन्हा धरलं. ती जागा आली. मी सूर सोडला, हवा तेवढा वेळ थांबले आणि श्वास घेतला. श्वास पुरा व्हायच्या आत पेटीचा सूर खाली हजर होता. हात नाही, मान नाही, इशारा नाही. एवढी वर्षं मी कुणाच्या तरी छडीमागे गेले होते. माझ्यामागे कुणी आलं नव्हतं. हे सुख काय असतं ते मला पन्नाशीत खड्ड्यातल्या एका पेटीवाल्याने दाखवलं.

मध्यंतराआधीचं शेवटचं गाणं सगळ्यात अवघड. त्यात टोकाचा सूर एकदाच येतो. सोप्रानो असे सूर जपून खर्च करते. संध्याकाळभरात किती आणि कुठे, हे आधी ठरलेलं असतं. सूर लागला, गाणं संपलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

युरोपात प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि आपण वाकून नमस्कार करतो. इथे वन्स मोअर हा हुकूम. काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सवयीने सरळ मुखड्यावर आले.

मी अडकले. थांबावं तर पहिल्या गाण्यासारखा तमाशा. गायले. टोकाचा सूर दुसऱ्यांदा आला, पण त्याच्याखालचा श्वास संपत आलाय हे मला कळलं. कागदावर तो सूर चार मात्रांचा आहे. दोन मात्रांवर काकांनी पेटी हलकेच खाली उतरवली, जणू गाणं तसंच लिहिलंय. मी त्यांच्यासोबत उतरले. हॉलमध्ये कुणालाही कळलं नाही. मोठमोठ्या कंडक्टरांनी मला अशा वेळी पूर्ण चार मात्रा लटकवून ठेवलंय.

मध्यंतरात विंगेत पाणी पिताना मी काकांना म्हणाले, "तुम्ही मला वाचवलंत."

"तू चुकत नाहीस ना?" काका म्हणाले. "मग वाचवायचं काय त्यात?"

दुसरी घंटा झाली. पंखे बंद झाले. आबा काठी घेऊन रांगांमधून फिरले. दोनदा मोजलं. मग स्टेजजवळ आले. "एकशे एकसष्ट. नऊ कमी."

"दारात वीस माणसं उभी आहेत, आबा. तिथे वारा येतो म्हणून उभी आहेत."

"कागदावर खुर्च्या आहेत. माणसं नाहीत." कागद मीच लिहिला होता.

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी खालून पेटीचा सूर धरला. गाणं सुरू करायची वेळ झाली होती. मी गायले. शेवटपर्यंत खुर्च्यांवरचं कुणी उठलं नाही. आबाही नाहीत. पत्रिकेने वारा घेत बसले होते, पण गाणं चालू झालं की पत्रिका मांडीवर.

कार्यक्रम संपल्यावर आबा म्हणाले, "तीन सकाळी ठरल्या होत्या. नऊ खुर्च्या कमी पडल्या. दोन घे."

"दोन घेते. पण पेटी हॉलमध्येच राहील."

"पेटी मंडळाची आहे."

"काकाही मंडळाचेच आहेत. तेही हवेत."

आबांनी काकांकडे बघितलं. काका चपला शोधत होते. "सकाळी आठच्या आधी यायचो नाही," ते म्हणाले. तिथे सौदा झाला.

मंगळवारी आणि शुक्रवारी क्लास असतो. सध्या सात जणी आहेत, आणि सादिकची बायको आठवी. त्या जुन्या पत्रिकेबद्दल आबा एक शब्द बोललेले नाहीत, आणि मी त्यांना सोडलेलं नाही. पण हॉलची किल्ली त्यांनी दिली, आणि पहिल्या दिवशी कुंड्या आधीच हलवलेल्या होत्या, हे नोंदवायला हवं.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगते. करारात पंखे लिहा, पोस्टर लिहा, खुर्च्या नको, माणसं लिहा. साथीदाराने कुठे बसायचं हे मात्र लिहू नका. ते त्यालाच विचारा.