हिरवं स्टिकर आणि तीस ग्रॅम पोहे

आमच्या घरात डाळ कुलपात असते आणि दागिने टीव्हीखालच्या उघड्या ड्रॉवरमध्ये. चोर आलेच तर बिचाऱ्यांचा फार वेळ जाईल!

याला कारण आमची नऊ वर्षांची मैत्री. तिला जन्मापासून एक आजार आहे. प्रथिनांतला एक घटक तिच्या शरीराला पचवताच येत नाही. तो रक्तात साठत जातो आणि मेंदूला त्रास देतो. त्यामुळे डाळ, दूध, पनीर, अंडी, मटण, सगळं बंद. (नागपुरात जन्मून मटण बंद! हे ऐकल्यावर तिचा मामा आधी खुर्चीत बसला आणि मग त्याने आजाराचं नाव विचारलं.) तिला वेगळ्या पिठाच्या पोळ्या, दिवसातून तीनदा एका पावडरीचं पेय, आणि बाकी जे खायचं ते ग्रॅमवर जोखून. त्या पेयाला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. मैत्री ते तीन घोटांत संपवून खेळायला जाते. मी एकदा कौतुकाने चमचाभर चाखलं, तर संध्याकाळपर्यंत मला कोणाशी बोलावंसं वाटलं नाही.

तिचा सगळा आठवडा रविवारावर टेकलेला असतो. रविवारी सकाळी तीस ग्रॅम पोहे, त्यावर तर्री, म्हणजे चणे गाळून काढलेला झणझणीत रस्सा! शनिवारी झोपतानाच ती वाटी काढून ठेवते.

जोखण्याचं खातं माझ्याकडे. मी हिंगण्याला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. दिवसभर काटे आणि मापं तपासायची, बरोबर निघतील त्यांच्यावर 'तपासले, ओके' असं हिरवं स्टिकर चिकटवायचं, हे माझं काम. दिवाळीच्या साफसफाईत मी घरच्या काट्यावरही एक लावलं. आईने उगाच काटा खोलू नये म्हणून थेट वरची ताटली आणि खालचा डबा यांच्या सांध्यावर, सीलसारखं! त्यावर झोकात सहीसुद्धा केली.

पुढच्या दोन महिन्यांत मैत्रीच्या रक्ताचे दोन रिपोर्ट आले आणि दोन्ही वाढलेले. रामदासपेठेतल्या आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "घरात कोणीतरी जास्तीचं देतंय. पुढचाही असाच आला, तर पोहे बंद करावे लागतील."

परतताना मैत्री स्कूटरवर मागे बसली होती. सिग्नलला तिने हळूच विचारलं, "बाबा, पोहे बंद झाले तरी नुसती तर्री तं भेटन ना?"

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आणि मी घाबरलो की चौकशी समिती नेमतो. अध्यक्ष मी, सदस्यही मीच!

पहिल्या आरोपी शेजारच्या मेश्राम काकू.

"काकू, खरं सांगा, पोरीले काही खायले देता का?"

"देतो ना! परवा सफरचंदाची फोड देल्ली, तेही तुह्या बायकोले विचारून."

"सफरचंद चालते, काकू."

"मंग दुपारी दोन वाजता बेल काहून वाजवली गा? माही झोप गेली!"

दुसरा आरोपी शाळेचा ऑटोवाला. त्याने हातच जोडले. "साहेब, मी पोरायले रस्त्यात पाणीसुद्धा पाजत नाई. मंग थांबा लागते!"

उरली आई. मी जेवणाच्या टेबलावर वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि अत्यंत मऊ आवाजात म्हणालो, "आई, चुकून एखादा फुटाणा..."

"काय म्हणाला?" आईने पदर खोचला. "नऊ साल झाले, त्या पोरीच्या तोंडात म्या न जोखता मुरमुरा टाकला नाई! मले लाडूचा डब्बा दिसला तं मी आधी तिचं तोंड तिकडं फिरवतो. अन् तू मले फुटाणा विचारतो?"

"मी फक्त विचारून राहिलो..."

"विचारत बस! मी चालली उमरेडले, तुह्या बहिणीकडं."

आई खरंच पिशवी भरू लागली. प्रज्ञाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझी वही उचलून माळ्यावर टाकली. मैत्री आजीच्या पिशवीतून एकेक लुगडं परत काढून ठेवत होती. समितीची परिस्थिती फार वाईट झाली होती.

तेवढ्यात खाली भाजीवाल्याने हाक दिली, "वांगे, टमाटर, पालक!" आईने पिशवी तशीच सोडली. (राग कितीही असो, ताजी भाजी ही ताजी भाजी.) ती खाली जाऊन पावभर टमाटर घेऊन आली आणि माझ्या डोळ्यांसमोर काट्यावर ओतून म्हणाली, "आता या घरात सगळंच जोखून घेऊ!"

काट्याने दाखवलं, दोनशे आठ.

आई गॅलरीत धावली. "काहून गा! म्हातारीले लुबाडून राहिला काय? बेचाळीस ग्रॅम कमी!"

भाजीवाला हातात पाव किलोचं लोखंडी वजन घेऊन जिना चढून आला. "आजी, पंधरा साल झाले या गल्लीत. हे घ्या, जोखा!"

वजन काट्यावर ठेवलं. दोनशे आठ!

मला स्फुरण चढलं. "भाऊ, तुमचं वजन झिजलं आहे," मी त्याला समजावलं. "रोजच्या वापराने मापं झिजतात. मी याच क्षेत्रातला आहे."

"साहेब, लोखंड हाय. साबण नाई!"

मैत्री गुपचूप स्वयंपाकघरात गेली आणि मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा घेऊन आली. तो ठेवला. आठशे बत्तीस.

आई म्हणाली, "घे, आता मिठाच्या कंपनीचीही चौकशी कर."

"थंडीमुळे कधी कधी..." मी तोंड उघडलं.

मैत्रीने ओट्याला हनुवटी टेकवून काट्याकडे पाहिलं. "बाबा, ताटली खाली दबाले पाहून राहिली, पण हे स्टिकर तिले वर धरून राहिलं." आणि तिने नखाने माझं स्टिकर, माझ्या सहीसकट, सोलून काढलं. मग भाजीवाल्याचं वजन पुन्हा ठेवलं.

दोनशे पन्नास!

म्हणजे दोन महिने मी जोखलेले तीस ग्रॅम खरे छत्तीस होते. भात छत्तीस, बटाटा छत्तीस, पोहे छत्तीस. पोरीला जास्तीचं मी देत होतो, तेही पूर्ण अधिकृतपणे. मला इतकी लाज वाटली की मी सरळ आईच्या पायाशी बसलो.

"ऊठ," आई म्हणाली. "आधी भाऊसाठी चहा टाक. साखर न जोखता टाक."

पुढचा रिपोर्ट खाली आला. आई उमरेडला गेली नाही आणि पोहे वाचले. स्टिकर निघाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी डोळ्यांत तेल घालून खरे तीस ग्रॅम जोखले, तर मैत्रीने वाटीत वाकून पाहिलं. "बाबा, हे तं कमी दिसून राहिले!" तिचंही बरोबर होतं. तिला जास्तीच्या सहा ग्रॅमची सवय मीच लावली होती.

आता घरात मैत्रीने घातलेला नियम चालतो. रविवारी पोहे जोखण्याआधी भाजीवाला वर येतो, काट्यावर आपलं पाव किलोचं वजन ठेवतो, एक डोळा मिटून आकडा बघतो आणि म्हणतो, "ओके हाय." मग मी, ज्याच्या सहीशिवाय कारखान्यातला एकही काटा कामाला लागत नाही तो मी, दाराशी हात बांधून उभा असतो आणि त्याला म्हणतो, "थँक यू, सर!"