गाठीची पट्टी

सर फळ्यावर नखाने टकटक करायचे आणि म्हणायचे, "झोपलं हाये, मेलं नाही. लिहा."

खामगावच्या आमच्या कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, तेही तासिका तत्त्वावर. तुमच्याही कॉलेजात असे एक सर असतील, कायम होतील होतील म्हणता म्हणता केस पिकलेले. सकाळी तास, दुपारून गावाकडची कपाशी. शर्टाला कधी खडूचा वास, कधी फवाऱ्याचा.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. इंग्रजी पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. सरांनी नागीण शिकवली तेव्हा मात्र सगळं कळलं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. मज्जापेशीत दडून बसतो.

"गप काऊन बसते बे तो?" सरांनी मला उठवलं.

"थकला असंन, सर."

वर्ग हसला, सरही हसले. "तो नाही थकत. घरमालक आवळून ठेवते त्याले. जिनिंगमधली गाठ पाह्यली ना? कापूस दाबून वरून पट्टी मारतात. पेशी तसेच त्याचे जनुक गुंडाळून ठेवते. कोणतं वाचू द्यायचं, कोणतं नाही, पेशीच्या हाती. पेशी खचली का पट्टी ढिली. मंग कापूस फुगते, नागीण निघते."

नागिणीची खूणही सांगितली. एकाच अंगाला येते, मधली रेघ ओलांडत नाही. कपाळावर आली तर डोळा जाऊ शकतो. औषध लगेच हवं.

त्या वर्षी बीटी कपाशीच्या बोंडात अळी निघाली. हे बियाणं लावलं की बोंडअळीची चिंता नाही, असं सांगून विकलं होतं. गावोगाव पाठीवर फवारणीचे पंप चढले. ज्याचे त्याचे डोळे लाल.

सर वर्गावर आले ते उजव्या कपाळावर आणि पापणीवर फोड घेऊन.

"सर, दवाखान्यात दाखवलं?"

"फवारा उडला रे. नळी उजव्या हातात राह्यते ना, वाराही इकडूनच होता."

वर खोबरेल लावलं होतं. डाव्या बाजूला एकही फोड नव्हता. आम्हाला ते पटलं. घरोघरी तेच चाललं होतं.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले तोवर बुबुळावर पांढरं चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "नागीण आहे." सर म्हणाले, "माहीत हाये. शिकवतो मी ते."

पुढच्या वर्षी त्यांना तास मिळाले नाहीत. एका डोळ्याचा माणूस सूक्ष्मदर्शकावर काय शिकवणार, असं ऑफिसात कुणी म्हणालं. आमच्या त्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला डोळा एकच लावावा लागायचा.

पदवीचे पेढे घेऊन मी त्यांच्या शेतात गेलो. पाठीवर पंप, डोळ्यावर काळा चष्मा. त्यांनी एक हिरवं, बिनडागी बोंड तोडून फोडलं. आत अळी होती. मी त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहिली. त्यांनी बोंड बांधावर फेकलं.

"चष्म्यावर फवारा बसते, दिसत नाही," एवढंच म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला आणि तो उरलेला डोळा उघडा ठेवून ओळीत शिरले.