व्याह्यांच्या धोतरावरची हळद

पणतीच्या फ्रॉकवर सांडलेल्या वरणाला नातसुनेनं साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. ती दचकली, मला मात्र वरवट बकाल गावातलं आमचं अंगण आठवलं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. ताईच्या लग्नात माझ्या हातून हळदीची वाटी व्याह्यांच्या कोऱ्या धोतरावर उपडी झाली. दुसरं नेसून त्यांनी ते धुवायला दिलं. आत्यानं तोऱ्यात विकतचा साबण घासला, अन् धोतर रक्तासारखं लाल! "हा तर अपशकुन," व्याही पुटपुटले. वडिलांचा चेहरा उतरला.

चारचौघांत कधी न बोलणारी माय पदर सावरत पुढं आली. "घाबरू नोका. रगत नाही, हयद हाय. मले लिंबू द्या."

लिंबू पिळताच लाल डाग पुन्हा पिवळा झाला. मग तिनं धोतर खळखळून धुतलं, ओलंच उन्हात पसरलं आणि वर पाणी शिंपडत राहिली. उन्हं कलेपर्यंत ते कापसासारखं पांढरं झालं.

तेव्हा मला डाग गेल्याचंच नवल वाटलं होतं. आता ऊर भरून येतो तो वेगळ्याच गोष्टीनं. त्या दिवसापासून कोणतंही काम काढण्याआधी वडील चुलीपाशी यायचे आणि मायला विचारायचे, "तुले काय वाटते?"